घसाऱ्याचे पैसे जातात कुठे?



वार्षिक सभेत अहवाल हाती पडला की कुणीतरी उठून विचारतोच, "घसारा म्हणून एवढी रक्कम खर्ची टाकली, ती दिली कुणाला? तीच उसाला का नाही दिली?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आम्ही आज हाच विषय घेतला.

आधी घरचंच बघू. ८ लाखांचा ट्रॅक्टर घेतला. १० वर्षे चालेल, मग २ लाखांना जाईल, असं धरलं. म्हणजे ६ लाख झिजले, दर साल ६० हजार. डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती जाऊन भाड्याचे १ लाख उरले, तर आपण म्हणतो लाख सुटले. खरे सुटले ४० हजार. ते ६० हजार यंदा कुणालाच दिलेले नाहीत. पैसा खरेदीच्या वेळीच गेला. आता तो फक्त सालवार खर्ची पडतो.

कारखान्याचंही तसंच. पुरुषोत्तमनगर असो की डोकारे, हंगाम संपला की मिल उभी राहते. पण उभ्या लोखंडालाही गंज चढतोच, त्यामुळे घसारा वर्षाचा धरतात. जमिनीला मात्र घसारा नाही.

आयकराच्या हिशोबात यंत्रांचा सर्वसाधारण दर १५ टक्के, तोही शिल्लक किमतीवर. १० कोटींच्या मिलला पहिल्या साली दीड कोटी. दुसऱ्या साली साडेआठ कोटींवर, म्हणजे १ कोटी साडेसत्तावीस लाख. पहिल्या साली वापर १८० दिवसांहून कमी झाला, तर निम्माच मिळतो.

घसारा कमी दाखवला तर नफा फुगतो, लाभांश सुटतो, सभा खूष! पण तो लाभांश आपल्याच भागभांडवलातून गेलेला असतो, बरं का. म्हणून सहकार कायद्याच्या कलम ६५ मध्ये निव्वळ नफा काढताना घसारा वजा करायला सांगितला आहे. एफआरपीचा याच्याशी संबंध नाही. ती उताऱ्यावर ठरते. घसाऱ्याकडे बोट दाखवून ती कमी करता येत नाही.

आता रोकडीचं. कमाई पुरेशी झाली असेल, तर घसाऱ्याएवढी रक्कम कारखान्यात राहते. पण ती पेटीत ठेवलेली नसते. कर्जाचे हप्ते, नवी यंत्रे यांत ती जाते. तोटा मोठा असेल तर राहतही नाही. तेव्हा सभेत विचारायचं ते हे: या रकमेतून कर्ज किती फिटलं, मशिनरी किती आली? आणि ताळेबंदात मिलची शिल्लक किंमत बघा. ती नाममात्र उरली असेल, तर नव्या मिलचा पैसा कुठून आणणार, तेही विचारा.