करंटचा शेक घरी घेताना

कापूस वेचणीचा हंगाम उतरणीला लागला की जळगाव-धुळ्याकडच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत कंबर आणि टोंगळे (गुडघे) धरून माणसं यायला लागतात. दिवसभर वाकून वेचणी केलेल्या बाया असतात. रावेर-यावलच्या बागांतून केळीचे घड डोक्यावर वाहून ट्रक भरणारे मजूर असतात. मागणी एकच असते, "करंट लावा, शेक द्या." पण शिंदखेड्याच्या किंवा चोपड्याच्या एखाद्या खेड्यातून रोज दवाखाना गाठायचा म्हणजे रोजची मजुरी बुडाली. म्हणून आता तळहाताएवढं टेन्स मशीन घरात आलं आहे. मुलगा ऑनलाइन मागवतो, आईच्या कमरेला चिकटवतो आणि बटण फिरवतो. आठवड्याभरात एक तर कातडीवर चट्टा उठतो, नाही तर मशीन कपाटात जाऊन पडतं. दोन्ही टाळता येतं. त्यासाठीच ही कृती.

मशीन नेमकं काय करतं

आधी एवढं पक्कं समजून घ्या की टेन्स दुखणं बरं करत नाही. ते दुखण्याची जाणीव काही वेळ कमी करतं. कोपर आपटलं की आपण नकळत ते चोळतो आणि बरं वाटतं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये त्यामागचं कारण मांडलं. स्पर्शाचा संदेश जाड नसांमधून मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि तिथे वेदनेच्या संदेशाला अडवतो. टेन्स त्वचेवरून त्याच जाड नसांना हलक्या विजेने जागं करतं.

या मशीनबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही, हेही वाचकांना माहीत असावं. २०२२ मध्ये तीनशेहून अधिक चाचण्या एकत्र तपासणारा एक मोठा आढावा आला. मशीन चालू असताना आणि लगेच नंतर वेदना कमी होते, असं त्यात दिसलं. ब्रिटनची नाइस ही संस्था मात्र कंबरदुखीसाठी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स देऊ नका, व्यायामावर भर द्या, असं सांगते. मला या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत. मशीन लावून खाटेवर पडून राहिलात तर नाइसचं म्हणणं खरं ठरेल. वेदना कमी असताना उठून हालचाल केलीत तर मशीनचे पैसे वसूल होतील. खालची सगळी कृती त्या हालचालीसाठी आहे.

कोणी लावू नये

छातीत पेसमेकर किंवा तसलं दुसरं यंत्र बसवलेलं असेल तर हा लेख इथेच सोडा. गरोदर बाईच्या पोटावर आणि कमरेवर लावू नका. गळ्याच्या पुढच्या भागावर, डोक्यावर, डोळ्यांजवळ आणि छातीच्या आरपार कधीच नाही. फिट येणाऱ्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. कॅन्सरची गाठ, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, जखम, गजकर्ण किंवा पुरळ असलेल्या जागेवरही नको.

काही दुखणी अशी असतात की तिथे मशीन लावणं म्हणजे वेळ घालवणं. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली, ताप येतोय, वजन उतरतंय किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं, तर थेट डॉक्टरांकडे. डाव्या हातात, जबड्यात किंवा छातीत कळ येत असेल तर ती स्नायूची आहे असं घरी ठरवू नका.

मशीन निवडताना

दोन चॅनेल, चार पॅड आणि बॅटरीवर चालणारं मशीन घ्या. त्यावर पल्स रेट, पल्स विड्थ आणि वेळ ठरवण्याची सोय हवी. फुलपाखराच्या आकाराचे छोटे मसाजर मिळतात. त्यांच्यावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे आपण किती देतोय तेच कळत नाही. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत. खोक्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक छापलेला आहे का, ते पाहा. नसेल तर घेऊ नका.

दवाखान्यातलं आयएफटी किंवा मसल स्टिम्युलेटर हे भिंतीच्या प्लगवर चालणारं मशीन असतं. कोणी जुनं विकतंय म्हणून ते घरी आणू नका. मळ्यातल्या घराला अर्थिंग नसणं ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे आणि व्होल्टेज वरखाली होत राहतं. चार्जिंगवाल्या टेन्सलाही हीच शिस्त लावा. चार्जरला जोडलेलं असताना अंगाला लावायचं नाही.

कापूस आणि काडी

ही पायरी घरोघरी वगळली जाते आणि भाजण्याचे प्रकार तिथूनच होतात. जिथे पॅड लावायचे तिथली कातडी जागी आहे का, ते तपासायचं. बोंडातला चिमूटभर कापूस आणि दात कोरायची एक काडी घ्या. पेशंटला डोळे मिटायला सांगा. कधी कापूस टेकवा, कधी काडीचं टोक हलकेच टोचवा आणि प्रत्येक वेळी विचारा, "मऊ की टोकदार?" दुखऱ्या जागेवर आठ-दहा ठिकाणी हे करा, मग दुसऱ्या अंगाला तिथेच करा. उत्तरं चुकायला लागली, किंवा "काहीच कळत नाही" असं उत्तर आलं, तर तिथे पॅड लावायचा नाही. करंट किती झाला हे माणसाला जाणवलं पाहिजे. जाणवत नसेल तर तो वाढवतच जातो.

दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असलेल्यांचे तळवे बहुतेकदा असे बधिर असतात. पायाखाली ठेवायच्या, करंटने स्नायू आखडवणाऱ्या ईएमएस चटया त्यांनाच भेट म्हणून दिल्या जातात, याची मला फार काळजी वाटते.

कातडी तयार करणं

दुखऱ्या जागेवर आधीच बाम किंवा तेल चोळलेलं असतंच. ते साबण-पाण्याने पूर्ण धुवा. बामाने आधीच चुरचुरणाऱ्या कातडीवर करंट सोसत नाही, आणि तेलावर पॅड धड बसत नाही. धुतल्यावर कोरडं पुसा. एप्रिल-मे मध्ये जळगावचा पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा पुसलेली कंबर पाच मिनिटांत पुन्हा ओली होते. त्या दिवसांत पहाटे किंवा रात्री कूलरसमोर बसून मशीन लावा. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. वस्तऱ्याने काढले तर बारीक ओरखडे पडतात आणि तिथेच चटका बसतो.

पॅड कुठे

मशीन बंद आणि दोन्ही नॉब शून्यावर आहेत, याची खात्री करूनच वायरी जोडा.

कंबरेसाठी मणक्याच्या हाडावर पॅड नको. हाडाच्या दोन्ही बाजूंना जे उभे स्नायू हाताला लागतात, त्यांवर दुखऱ्या उंचीला एकेक पॅड. दुखणं पसरलेलं असेल तर दुसऱ्या चॅनेलचे दोन पॅड त्यांच्या चार बोटं खाली. कळ ढुंगणातून मांडीत उतरत असेल तर एक चॅनेल कमरेला ठेवून दुसऱ्याचे पॅड ढुंगणावर आणि मांडीच्या मागे लावतात. ते पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून लावून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

टोंगळ्यासाठी वाटीवर पॅड नको. वाटीच्या वर आत-बाहेर दोन आणि खाली आत-बाहेर दोन असे चार लावा. एका चॅनेलचे दोन पॅड तिरपे, समोरासमोर यावेत. गुडघ्यामागची खळगी मोकळी सोडा. कुठल्याही दोन पॅडमध्ये किमान दोन बोटांचं अंतर राहू द्या.

पॅडच्या कडा बोटाने दाबून पाहा. कोपरा उचललेला असेल तर सगळा करंट उरलेल्या छोट्या भागातून जातो आणि तिथे चावल्यासारखं होतं. कोरडा पडलेला पॅड पाण्याच्या एखाद्या थेंबाने पुन्हा चिकटतो. थुंकी लावू नका. चिकटेनासा झाला की पॅड बदला. सेलोटेप लावून तो वापरत राहणं ही महागात पडणारी काटकसर आहे.

नॉब फिरवणं

मोड ‘नॉर्मल’वर ठेवा, बऱ्याच मशीनांवर तिथे एन असं अक्षर असतं. पल्स रेट ८० ते १०० हर्ट्झ, पल्स विड्थ १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, वेळ ३० मिनिटं. हे सगळं झाल्यावर मशीन चालू करा. आता करंटचा नॉब पेशंटच्याच हातात द्या. कोणी दुसऱ्याने फिरवायचा नाही, मग तो घरातला कितीही शिकलेला असो.

नॉब अगदी सावकाश फिरवायचा. आधी काहीच कळत नाही, मग मुंग्या येतात, मग मुंग्या दाट होतात. दाट, ठणठणीत, पण सुखाने सोसवतील अशा मुंग्यांवर थांबायचं. स्नायू फडफडायला लागला किंवा आखडला तर थोडं मागे या. टोचतंय, जळतंय असं वाटलं तर नॉब शून्यावर आणा आणि पॅड पुन्हा बसवा.

"जोरात लाव, तेव्हाच काम करतं" हे खानदेशात हमखास ऐकू येतं. कष्टाची सवय असलेली माणसं दात-ओठ खाऊन सहन करतात आणि त्यालाच उपचार समजतात. दुखणं दाबण्यासाठी दुसरं दुखणं द्यायची गरज नाही. जाड नसा हलक्या करंटनेच आधी जाग्या होतात. करंट फार वाढवला की वेदनेच्या बारीक नसाही त्यात ओढल्या जातात. दहा मिनिटांनी मुंग्या कमी झाल्यासारख्या वाटतील, कारण शरीराला सवय होते. तेव्हा नॉब किंचित पुढे न्या, एवढंच.

त्या अर्ध्या तासात

पहिली दहा मिनिटं बसा. मग मशीन कमरपट्ट्याला अडकवून उठा आणि अंगणात चाला. टेन्सचा उपयोग पडून राहण्यापेक्षा हालचाल करताना जास्त होतो. टोंगळे दुखणाऱ्यांनी खाटेवर पाय सरळ पसरावा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, पाच सेकंद धरून सोडावी. असं दहा वेळा. मग खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, जमेल तेवढं. कमरेसाठी पाठीवर झोपून गुडघे दुमडा, पोट आत घेऊन कंबर जमिनीला टेकवा आणि सोडा.

पॅड अंगावर असताना गाडी चालवायची नाही, पाण्याची मोटर चालू करायला जायचं नाही, अंघोळ करायची नाही, झोप काढायची नाही. आणि वेदना दबलेली आहे म्हणून त्याच वेळी जड ओझंही उचलायचं नाही.

काढणं आणि लिहून ठेवणं

आधी नॉब शून्यावर, मग मशीन बंद, मग पॅड. वायर ओढून पॅड काढू नका, कडेने सोलत काढा आणि त्याच्या प्लास्टिकवर परत चिकटवा. कातडीवर हलकी लाली येते आणि थोड्या वेळात जाते. दुसऱ्या दिवशीही डाग दिसला, फोड आला किंवा खाज सुटली तर ती जागा बरी होईपर्यंत मशीन बंद.

एक वही करा. मशीन लावण्याआधी विचारा, "रुपयात किती आणे दुखतंय?" काढल्यावर पुन्हा विचारा, दोन तासांनी पुन्हा. शून्य ते दहाच्या मापापेक्षा गावाकडच्या म्हाताऱ्यांना आण्यांचं माप चटकन सांगता येतं. शेजारी त्या दिवशी किती चाललात तेही लिहा. माझ्या मते तोच रकाना महत्त्वाचा. दिवसातून दोन-तीन वेळा मशीन लावलं तरी चालतं, मात्र मध्ये काही तास जाऊ द्या आणि पॅडची जागा थोडी सरकवा.

तोंड वाकडं झालं किंवा हात-पाय लुळा पडला तर

हे टेन्सचं काम नाही, तरी सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे ‘लकवा’ म्हटलं की करंटची आठवण होते. एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं तर तो मेंदूचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तेव्हा १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा. नुसता चेहऱ्याचा लकवा निघाला तरी स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत जास्त उपयोग होतो. करंट लावण्यात ते तीन दिवस गेले तर ते परत मिळत नाहीत.

झटक्यानंतर पाऊल लोंबत असेल तर मात्र विजेचा खरा उपयोग आहे. व्लादिमीर लिबरसन यांनी १९६१ मध्ये टाचेखाली स्विच बसवून, पाऊल उचलताना नस जागी करणारं उपकरण मांडलं. आजची पाऊल उचलणारी यंत्रं त्याच वाटेवरची आहेत. तिथे करंट स्नायू आखडेल इतका द्यावा लागतो आणि मध्ये विश्रांती ठेवावी लागते, म्हणून ते फिजिओथेरपिस्टच्या हातूनच व्हावं. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत आधी चौकशी करा. जळगावात फिजिओथेरपीचं महाविद्यालयही आहे.

टेन्सची वही दोन आठवड्यांनी उघडून पाहा. आणे कमी झाले आणि चालणं वाढलं असेल तर चालू ठेवा आणि मशीनची गरज हळूहळू कमी करत जा. दोन्ही आकडे होते तिथेच असतील तर मशीन बाजूला ठेवा आणि ती वही घेऊन फिजिओथेरपिस्टला दाखवायला जा.