बायपासनंतर साखर का कोसळते?

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी वजन घटवण्यासाठी गॅस्ट्रिक बायपास केली. हल्ली सकाळी पेज जेवून पर्यटकांची होडी काढली की दीड-दोन तासांनी घाम फुटतो, हात थरथरतात. मधुमेह नाही. काय असेल? – एक वाचक, देवबाग

उत्तर : मधुमेह नसतानाही रक्तातली साखर उतरू शकते. बायपासनंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा हा त्रास काहींना सुरू होतो. पातळ पेज इवल्याशा जठरातून झर्रकन आतड्यात उतरते, साखर उसळते, आतड्यातून जीएलपी-१ हे संप्रेरक भरपूर सुटते आणि स्वादुपिंड गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडते. मग एक ते तीन तासांत साखर कोसळते.

त्रास होतानाच ग्लुकोमीटरने मोजा. आकडा ५४च्या खाली गेला तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. उपाशीपोटीही उतरत असेल तर कारण वेगळे असू शकते. तपासणी लांबवू नका.

मालवणी माणसाला पेज सोड म्हणणे जिवावर येते, पण सोडाच. आधी बांगडा किंवा अंडे खा, मग मूठभर उकडा भात. पाणी, सोलकढी अर्ध्या तासाने. रिकाम्या पोटी शहाळे, सरबत नको.

साखर उतरलीच तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या आणि बरे वाटताच शेंगदाणे खा, नाहीतर ती पुन्हा घसरते. डॉक्टरांनी अकार्बोज दिले असेल तर घरची साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवे. आणि हे आटोक्यात येईपर्यंत कर्लीच्या संगमावर होडीचे सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्या.