मागे उभा राहणारा खेळाडू
(इयत्ता ६ वी व ७ वीसाठी चरित्रपाठ)

हेतू : सांघिक खेळातील बचावपटूचे महत्त्व विद्यार्थ्यांना पटवून देणे, आणि मागे राहून सर्वांवर लक्ष ठेवण्याच्या सवयीतून मार्गदर्शक कसा घडतो, हे एका चरित्राच्या आधारे दाखविणे.

प्रस्तावना : सोलापुरातील शुक्रवार पेठेसारखी दाट वस्ती असो वा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातील शाळेचे अंगण असो, चेंडूचा खेळ सुरू झाला की प्रत्येक मुलाला पुढे धावून गोल करावयाचा असतो. जो अंगाने दुबळा वा स्वभावाने भिडस्त, त्याला “तू मागे थांब” असे सांगण्यात येते. मागची जागा ही कमीपणाची जागा, अशी त्या मुलाची समजूत होते आणि ती पुष्कळदा मैदानापुरती राहत नाही. वर्गातही तो मागच्या बाकावर गप्प बसू लागतो. म्हणून शिक्षकाने पाठाच्या आरंभी विचारावे : गोल करणाऱ्याचे नाव सर्वांना आठवते, गोल होऊ न देणाऱ्याचे का आठवत नाही?

विषयविवेचन : फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. पुढे धावणाऱ्याची पाठ आपल्या सोबत्यांकडे असते. बचावपटूला मात्र जवळजवळ सारे मैदान समोर दिसते. कोणता सोबती थकला, कोठे जागा मोकळी राहिली, हे त्याच्याच ध्यानी प्रथम येते. तेव्हा नुसते पाहून भागत नाही. वेळीच हाक मारून सांगावे लागते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘ऑफसाइड’चा नियम. प्रतिस्पर्ध्याच्या निम्म्या मैदानात एखादा खेळाडू चेंडूच्याही पुढे असेल, तर सोबती चेंडू टाकतो त्या क्षणी त्याच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान, किंवा त्याच्याच रेषेत, विरुद्ध बाजूचे किमान दोन खेळाडू असावे लागतात. बहुधा त्यांपैकी एक गोलरक्षक असतो. म्हणून बचावपटू एका ओळीत, एकाच वेळी पुढे सरकतात. त्यांतील एक जरी मागे रेंगाळला, तरी सर्वांचा डाव फसतो. चौघांनी एका हाकेसरशी पाऊल उचलणे, हे शिस्तीचे व परस्परविश्वासाचे काम आहे.

गोव्याचे श्री. डेरिक परेरा हे अशाच बचाव फळीतील खेळाडू. त्यांचा जन्म १९६२ सालचा. गोव्याच्या साळगावकर संघाकडून ते खेळले व भारतीय संघातही त्यांनी स्थान मिळविले. त्यांच्या उमेदीचा काळ हा गोव्याच्या फुटबॉलचाही भरभराटीचा काळ होता. १९८३-८४ च्या संतोष करंडक स्पर्धेत गोव्याने एकही गोल न स्वीकारता विजेतेपद मिळविले. बचाव भक्कम असला म्हणजे काय साधते, याचा हा बोलका दाखला होय.

खेळणे थांबल्यावर श्री. परेरा प्रशिक्षक झाले. मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २००५ साली फेडरेशन करंडक आणि २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद पटकावले. १९९६ ते २००७ या काळात चाललेली ही लीग जिंकणारा महाराष्ट्रातील तो एकमेव संघ होय. पुढे पुणे फुटबॉल क्लबला त्यांनी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेले.

तथापि चरित्र सांगताना केवळ विजय सांगू नयेत. महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये बंद झाला. पुण्याचा संघही त्यानंतर काही वर्षांतच मैदानावरून नाहीसा झाला. ज्या संस्थांसाठी कष्ट केले, त्याच उरल्या नाहीत, तर ते कष्ट वाया गेले काय? तसे म्हणता येणार नाही. शिकविलेले शिकणाऱ्याच्या अंगी राहते. संघ मोडला तरी खेळाडू दुसऱ्या मैदानावर तेच कसब घेऊन उतरतो. डिसेंबर २०२१ मध्ये एफ. सी. गोवा संघाचे प्रशिक्षक हंगामाच्या मध्यातच सोडून गेले. तेव्हा तेथेच तांत्रिक संचालक असलेल्या श्री. परेरा यांनी ती जबाबदारी उचलली. तो हंगाम यशाचा ठरला नाही. पण पुढचा माणूस निघून गेला असता मोकळी जागा भरून काढणे, हेच बचावपटूचे काम नव्हे काय?

उपयोजन : मैदानावर पाच-पाच मुलामुलींचे दोन गट करावेत. मागे उभ्या असलेल्याने सोबत्यांची नावे घेऊन सूचना द्याव्यात, असा नियम ठेवावा. दर पाच मिनिटांनी जागा बदलावी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास मागची जागा येईल. खेळानंतर गोल किती झाले हे विचारण्यापूर्वी, कोणाच्या हाकेने गोल टळला, हे विचारावे व त्याचे नाव फळ्यावर लिहावे. परीक्षा जवळ आली म्हणून खेळाचा तास इतर विषयास देऊ नये. भिडस्त मुलाचा आवाज पुष्कळदा प्रथम मैदानावरच फुटतो.

स्वाध्याय :
१. बचावपटूला मैदान अधिक चांगले का दिसते?
२. ऑफसाइडच्या नियमात एकाच्या चुकीने सर्वांचे नुकसान कसे होते?
३. घरात, शेतावर अथवा कारखान्यात मागे राहून सर्वांना सांभाळणाऱ्या एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.