मेथीच्या पिशवीला भोकं का असावीत?

प्रश्न : मेथी-कोथिंबीर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजमध्ये ठेवली, तर चिकट होऊन वास मारते. उघडी ठेवली तर सुकते. दुकानातला पिशवीबंद पालक मात्र टवटवीत असतो. त्या पिशवीत काही औषध घालतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : औषध नसतं, करामत पिशवीचीच असते. उपटलेल्या मेथीचा श्वास चालूच राहतो. ती प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी नि उष्णता बाहेर टाकते. उघड्यावर तिच्यातलं पाणी उडून जातं. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, पण त्याचं वजन तीनेक टक्क्यांनी घटलं तरी गिऱ्हाईक त्याला हात लावत नाही. घट्ट बांधलेल्या पिशवीत पाणी अडतं, पण प्राणवायू संपत येतो आणि पानं आतून आंबू लागतात. वास त्याचा. वाफेचे थेंब पानांवर साचून जिवाणू फोफावतात. चिकटपणा त्यांचा.

दुकानातल्या पिशवीची जाडी आणि तिची बारीक भोकं हिशेबानं ठरवलेली असतात. पान वापरेल साधारण तेवढाच प्राणवायू आत यावा, असा तो हिशेब. हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. पालकाच्या पिशवीत तो 7 ते 10 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड 5 ते 10 टक्के राहिला, की श्वास मंदावतो आणि पानं पिवळी पडायला वेळ लागतो.

पण हा हिशेब थंडाव्यातला. तापमान दहा अंशांनी वाढलं, की पानांचा श्वास दुपटी-तिपटीनं वाढतो. पिशवीतून हवा मात्र त्या प्रमाणात आत येत नाही. म्हणून तीच पिशवी उन्हातल्या हातगाडीवर पालकाला गुदमरवते. माझ्या मते आपल्याकडे पिशवीचं कौतुक जरा जास्तच होतं. आधी थंडावा, मग पिशवी. शून्य अंशाजवळ पालक दहा ते चौदा दिवस टिकतो. बारदानात कोंबलेल्या जुड्या मात्र मधोमध तापतात आणि तिथूनच सडायला लागतात. वीज नसेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधता येतो : विटांच्या दोन भिंती आणि मधे ओली वाळू. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तो छान चालतो, कोकणच्या दमट हवेत फारसा नाही.

घरी जुडीचा दोरा आधी सोडा, सडकी पानं काढा. भाजी धुऊ नका. धुणं चिरायच्या वेळी. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून चार-सहा भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवा. सफरचंद, पिकलेली केळी शेजारी नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानं लवकर पिवळी पडतात. आणि वर्तमानपत्रात कोथिंबीर गुंडाळण्याची आपली जुनी सवय सोडा. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं बजावलं आहे.