उंडी : किनाऱ्यावरचे तेलाचे झाड

आपल्या कोडोलीच्या शिवारात ऊस आहे, वारणेचे पाणी आहे. समुद्र मात्र नाही. तो पाहायचा तर मलकापूर, आंबा घाट, साखरपा असे करीत रत्नागिरीला उतरावे लागते. गेल्या वर्षी आपल्या शाळेची सहल तिकडे गेली होती. एका खाडीच्या काठी, मोठ्या झाडाच्या सावलीत आपण डबे सोडले. झाडाखाली गोट्यांसारख्या गोल, टणक बियांचा सडा पडला होता. एका मुलाने दगडाने बी फोडली, आतला गर काढला आणि विचारले, "सर, ये अखरोट है क्या?"

मी काही बोलण्याआधीच शेजारी होडीची डागडुजी करीत बसलेले एक म्हातारे चाचा ओरडले, "अरे बाळा, तोंडात घालू नको! ती उंडी आहे. पोटात गेली तर त्रास होईल." मुलाने गर टाकून दिला. मग चाचांनी जे सांगितले आणि परत आल्यावर मी जे वाचले, त्यातून हा पाठ तयार झाला आहे.

उंडी हे किनाऱ्यावरचे सदाहरित झाड. पूर्व आफ्रिकेपासून पॅसिफिक महासागरातील बेटांपर्यंत ते आढळते. खारा वारा आणि रेताड जमीन त्याला सोसते. पाने जाड, चकचकीत असून मधल्या शिरेपासून काठापर्यंत असंख्य बारीक समांतर रेषा असतात. म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नावात, म्हणजे 'कॅलोफायलम' या शब्दात, 'सुंदर पान' असा अर्थ आहे. फुले पांढरी, सुवासिक. मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. संस्कृतात याला पुन्नाग म्हणतात. हिंदीतले नाव मात्र ऐकण्यासारखे आहे : सुलतान चंपा!

फळ गोल, हिरवे, साधारण तीन-चार सेंटिमीटर जाडीचे. वरचा पातळ गर वटवाघळे खातात आणि बी खाली टाकतात. समुद्रात पडलेले फळ बुडत नाही, कारण त्याच्या कवचाच्या आत बुचासारखा हलका थर असतो. लाटांवर तरंगत ते दूरच्या किनाऱ्याला लागते आणि तिथे रुजते.

आता तेलाची गोष्ट. ताज्या बीत तेल जवळजवळ नसतेच. कवच फोडून आतला गर, म्हणजे तुमच्या भाषेत मग्ज, कित्येक आठवडे उन्हात वाळवावा लागतो. तो तपकिरी होतो, आक्रसतो, आणि मगच त्यात तेल भरते. हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले असेल? तो माणूस फार धीराचा असला पाहिजे. वाळलेला गर घाण्यात घातला की गडद हिरवट, दाट, उग्र वासाचे तेल निघते. ते खाण्याचे नाही. कोकणात त्याला कडू तेल म्हणत. आपल्याकडे शेंगदाण्याची पेंड म्हशीला घालतात, तशी उंडीची पेंड घालता येत नाही. ती खत म्हणून शेतात जाते.

रॉकेल येण्यापूर्वी कोकणातल्या कितीतरी घरांत याच तेलाचे दिवे जळत. धूर होई, वासही येई, पण तेल विकत आणावे लागत नसे. बिया वेचण्याचे काम बहुधा बायका-मुलांचे. दुखऱ्या सांध्यांवर हेच तेल चोळीत. लाकडी होड्यांच्या फळ्यांनाही ते चोपडीत, म्हणजे लाकूड खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसे. उंडीचे लाकूडही कठीण. त्याच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे ते सहज फाटत नाही, म्हणून होडी बांधणाऱ्यांना ते हवे असे.

होडीचा विषय निघालाच आहे, तर एक गंमत सांगतो. बंदर, जहाज, खलाशी हे मराठी शब्द तुम्हाला शिकवावे लागत नाहीत. 'दर्या' या शब्दाशी मात्र जपून! उर्दूत दर्या म्हणजे नदी, मराठीत दर्या म्हणजे समुद्र. चाचा म्हणाले, "आमची उमर दर्यात गेली," तेव्हा आपल्यातल्या दोघांनी मला विचारले, "सर, कोणत्या नदीत?"

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी रॉकेल आले, पुढे वीज आली. दिव्याचे तेल गेले. नंतर फायबरच्या होड्या आल्या; त्यांना चोपडायचे तेल लागत नाही. ज्या झाडाची रोज गरज होती, ते झाड अडगळ वाटू लागले. रस्ता रुंद करायचा, घर बांधायचे, की पहिली कुऱ्हाड उंडीवर. चाचांच्या लहानपणी त्या खाडीकाठी उंडीची रांग होती. आपण ज्याखाली जेवलो, ते तिथले शेवटचे झाड.

इकडे असे, आणि तिकडे पॅसिफिकमधील ताहिती बेटावर याच झाडाला 'तामानू' म्हणतात. तिथे ते पूर्वीपासून पवित्र मानलेले आहे. त्याचे तेल आज त्वचेला लावण्यासाठी लहान लहान बाटल्यांतून महाग विकले जाते. या तेलापासून डिझेलसारखे इंधन तयार करण्याचे प्रयोगही झाले आहेत. आपल्याकडे बिया झाडाखालीच कुजतात. मला हे पटत नाही.

त्या मुलाने परत येताना तीन बिया खिशातून आणल्या होत्या. कवच न फोडता त्या पेरल्या, तर अंकुर फुटायला दीड-दोन महिने लागू शकतात. दोन कुजल्या. तिसरीचे रोप आता मुतारीच्या मागच्या भिंतीजवळ वीतभर वाढले आहे. त्याला सहा पाने आहेत. जवळ जाऊन पानावरच्या रेषा नीट पाहा, तोडू नका. या आठवड्यात पाणी घालण्याची पाळी आठवी 'ब'ची आहे.