पक्षी-ओळखीची पुस्तके आणि रानपिंगळ्याचा धडा

वनक्षेत्रात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याजवळ दुर्बीण आणि नोंदवही यांच्या जोडीने पक्षी ओळखण्याचे पुस्तक असणे अगत्याचे आहे. परंतु हे पुस्तक केवळ चित्रे पाहण्यासाठी नसते. त्यातील प्रत्येक विधान कोणत्या पुराव्यावर आधारलेले आहे, याचे भान ठेवूनच ते वापरावे लागते. हे भान न राहिल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण तापीच्या खोऱ्यात सापडते.

पूर्वी पक्ष्याची ओळख त्याची शिकार करून, कातडे हाती घेऊन पटविली जात असे. १९३४ साली अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांनी जिवंत पक्षी दुरूनच ओळखता यावा अशा रीतीने पुस्तक रचले व चित्रातील नेमक्या खुणा रेषांनी दाखविल्या. भारतात १९४१ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक प्रसिद्ध केले. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार अशा परिचित पक्ष्यांशी तुलना करून आकारमान सांगण्याची त्यातील रीत नवशिक्यास फारच उपयुक्त ठरली.

अशा पुस्तकातील वर्णनाचे सामान्यतः चार भाग पडतात : आकारमान, ओळखीच्या खुणा, सवयी व आवाज, आणि आढळाचा प्रदेश. पहिले तीन भाग निरीक्षकास प्रत्यक्ष पक्ष्याशी ताडून पाहता येतात. चौथा भाग मात्र त्याला बहुतांशी विश्वासाने स्वीकारावा लागतो.

तीन पिंगळे

सुरत शहराच्या उत्तरेस, तापीपलीकडे कोसाड आहे. अशा वस्तीच्या आसपास जुन्या झाडांच्या ढोलीतून डोकावणारा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके असतात. जंगली पिंगळ्याच्या अंगावर ठिपक्यांऐवजी डोक्यापासून बारीक आडवे पट्टे असतात. तिसरा रानपिंगळा. त्याचे डोके मोठे, माथा तपकिरी व जवळजवळ ठिपक्यांविना, छाती गडद तपकिरी, पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र, पंखांवर व शेपटीवर ठळक पांढरे पट्टे, आणि पाय दणकट व पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. शुष्क पानझडीच्या विरळ वनात तो दिवसाउजेडी शिकार करतो. तिन्ही पक्षी साधारण साळुंकीएवढेच असल्याने केवळ आकारमानावरून निर्णय करणे धोक्याचे आहे. मराठी नावेही पुस्तकागणिक बदलतात. म्हणून नोंदीत शास्त्रीय नाव अवश्य लिहावे.

खोट्या नोंदीचा परिणाम

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ साली आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात मिळाला. १८७३ साली ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशात आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र अस्सल नमुना मिळाला नाही. तथापि कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन यांच्या संग्रहात १९१४ सालचा, सुरतेच्या पूर्वेस तापीकाठी असलेल्या मांडवीचा, असे लिहिलेला एक नमुना होता. तो ग्राह्य धरला गेल्याने पक्ष्याचा शेवटचा आढळ मांडवीचा ठरला, आणि शोधाचे लक्षही तिकडे वळले.

पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला. तो ब्रिटिश म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला डेव्हिडसन यांचाच नमुना असल्याचे निष्पन्न झाले. १९९९ साली रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी याची साधार मांडणी प्रसिद्ध केली. खोटी नोंद वगळल्यावर शोधाची दिशा बदलली. अस्सल नोंदींच्या जागा धुंडाळताना, नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. ११३ वर्षांनी झालेल्या या पुनर्शोधानंतर मेळघाट, तोरणमाळ, तानसा तसेच गुजरातेतील डांग येथेही हा पक्षी नोंदविला गेला. तो आजही संकटग्रस्त आहे.

या प्रकरणात चूक निरीक्षकाच्या दृष्टीची नव्हती. ती कागदावरील एका ओळीची होती. जो पक्षी जिथे नाही तिथे शोधला जातो, त्याचे खरे अधिवास संरक्षणाविना राहतात. जुन्या ढोलीची झाडे तोडली जातात, आणि तेथे कोण राहत होते याची दखलही घेतली जात नाही.

पुस्तकात नसलेला पक्षी

याच्या उलट प्रकार बेटांवर दिसतो. श्रीलंकेच्या पक्ष्यांवरील जी. एम. हेन्री यांचे पुस्तक १९५५ साली निघाले. बेट लहान, पक्ष्यांची यादी बांधीव. तेव्हा नवे काही उरले नसावे असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु दीपाल वारकागोडा यांनी १९९५ पासून पर्जन्यवनात एक अनोळखी आवाज ऐकला, २००१ साली तो पक्षी प्रत्यक्ष पाहिला, आणि २००४ साली ते नवीन जातीचे घुबड म्हणून जाहीर झाले. पुस्तकात बसत नाही म्हणून त्यांनी तो आवाज सोडून दिला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

नोंद कशी करावी

निरीक्षणानंतर लगेच, पुस्तक उघडण्यापूर्वी, दिसलेल्या खुणा नोंदवहीत लिहाव्यात. अन्यथा चित्र पाहून स्मृती बदलते. दिनांक, वेळ, नेमकी जागा, झाडाचा प्रकार, पक्ष्याची हालचाल व आवाज यांचा उल्लेख करावा. शक्य असल्यास छायाचित्र वा ध्वनिमुद्रण जोडावे. जे दिसले नाही ते अंदाजाने भरू नये. शंका असल्यास ती शंका म्हणूनच लिहावी. एखादा पक्षी पुस्तकातील प्रदेशाबाहेर आढळल्यास नोंद दडपू नये; पुराव्यासह वरिष्ठांकडे पाठवावी.

उद्याच्या पुस्तकातील आढळाचा प्रदेश आजच्या अशाच नोंदींवरून आखला जाणार आहे. वनरक्षकाने प्रामाणिकपणे लिहिलेली एक ओळ एखाद्या जातीचे वन राखू शकते. खोटी ओळ तिला दशकानुदशके दृष्टिआड ठेवू शकते.