झाकण बसण्याआधी

जुन्या गाडीचं इंजिन बांधून देणाऱ्याचं काम लोक मोबाइलवरच्या फोटोंवरून पारखतात आणि तिथेच फसतात. सिलिंडर किती झिजला, क्रँकचा जर्नल गोल राहिला की अंडाकृती झाला, हे शतांश मिलिमीटरचे प्रश्न आहेत. चकाकणारं टॅपेट कव्हर त्याबद्दल काहीच सांगत नाही.

आमची फियाट ११०० साठच्या दशकातली, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर. इंजिन दूरच्या शहरातल्या एका नावाजलेल्या कारागिराकडे ट्रान्सपोर्टने पाठवलं. त्याने पैसे आधीच घेतले. दिवाळीचा वायदा उन्हाळ्यावर गेला. मधे फोन केला की फोटो यायचे. शेवटी लाकडी खोक्यात इंजिन आलं, इतकं देखणं की हात लावायला जीव होईना. बिलात लिहिलं होतं: बोअरिंग, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, नवीन बेअरिंग.

इंजिन गाडीत बसवून वर्ध्याहून निघालो. नागपूर रस्त्याने पवनारपर्यंत सगळं ठीक. सेलूनंतर आरशात निळा धूर दिसू लागला आणि केळझरच्या चढाला खालून ठोका सुरू झाला. आपल्याकडच्या मे महिन्यात ऑइल आणखी पातळ होतं. ढिलं बेअरिंग तेव्हा बोलतंच.

टोचन लावून गाडी नागपूरला नेली. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी चेंबर उतरवला, बेअरिंगचा शेल काढून उलटा धरला. पाठीवर ‘एसटीडी’, म्हणजे स्टँडर्ड. क्रँक ग्राइंड केली की जर्नल बारीक होतो आणि त्याला ०.२५ किंवा ०.५० अंडरसाइझचे शेल लागतात. तो आकडा शेलच्या पाठीवर असतो. मायक्रोमीटर लावल्यावर उरलेली शंकाही फिटली. पिस्टन जुनेच, बोअरला नुसता होन मारलेला. ‘‘भाऊ, यानं इंजिन रंगवलं जी, बांधलं नाही,’’ मिस्त्री म्हणाले.

म्हणून इंजिन देणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की पैसे तारखांना बांधू नका, उघड्या इंजिनाला बांधा. थोडी आगाऊ रक्कम द्यावी, ती इंजिन खोलून मापं घेण्यापुरती. मापांचा कागद हातात आल्यावर सुट्या भागांचे पैसे. त्या कागदावर प्रत्येक सिलिंडरचं वर, मधे आणि खाली घेतलेलं माप हवं, प्रत्येक जर्नलचं दोन दिशांनी. बोअरिंग आणि ग्राइंडिंग झाल्यावर पुन्हा तीच मापं, आणि जुळणी करताना पिस्टनचा क्लिअरन्स व रिंगचा गॅप. हे लिहून द्यायला जो कुरकुर करतो, त्याने ते मोजलेलं नसतं, असं माझं मत झालंय. शक्य असेल तर हेड आणि चेंबर बसायच्या आधी स्वतः जाऊन बघा. ओव्हरसाइझ पिस्टनचा आकडा बहुधा त्याच्या डोक्यावरच कोरलेला असतो, तो वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. जुने पिस्टन, जुने शेल परत मागून घ्या. शेवटचा हप्ता इंजिन गरम असताना ऑइल प्रेशर आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाहिल्यावर.

इंजिन पाठवण्याआधी ब्लॉकवरच्या नंबराचा पेन्सिलने प्रिंट काढून ठेवा, आरटीओत चेसिसचा काढतात तसा. ब्लॉक बदलून आला आणि आरसीशी नंबर जुळला नाही, तर त्रास तुम्हाला. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात असेल, इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच.

भांडणाचा भाग थोडक्यात. कारागिराने आधी ‘‘रनिंग नीट काढलं नाही’’ म्हटलं, मग ‘‘दुसऱ्याने खोललं, आता जबाबदारी नाही’’. दुसरं उत्तर जास्त पक्कं असतं. म्हणून दुसऱ्या मिस्त्रीने पाना लावण्याआधी मूळ कारागिराला स्पीड पोस्टाने कळवा, हजर राहायला सांगा, खोलतानाचं चित्रीकरण करा आणि मापांचा अहवाल सहीनिशी घ्या. बिल पक्कं हवं. कच्च्या पावतीवरून काय काम केलं तेच सिद्ध होत नाही. कारागीर कुठल्याही शहरातला असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे माझ्या बाबतीत वर्ध्याच्या ग्राहक आयोगापुढे, करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहायला हरकत नाही. मला नोटिशीनंतर सुट्या भागांचे पैसे परत मिळाले, मजुरीचे नाहीत.

इंजिन अजून त्याच्याच शेडमध्ये असेल तर ते उचलून आणण्याची घाई करू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० नुसार, ठरल्याप्रमाणे काम केलेल्या कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. बाकी रक्कम द्यावीच लागली, तर ‘हरकत राखून’ असं लिहून बँकेतून द्या, इंजिन ताब्यात घ्या आणि तिथून थेट माप घेणाऱ्याकडे न्या.